मंगळवारी धडाम झालं नाही

मंगळवारी संध्याकाळी आठ वाजून एकवीस मिनिटांनी शनीच्या कड्यांजवळ एक अख्खं अंतराळयान फुटलं आणि भोपाळच्या अयोध्या नगरातल्या मनोहर वझलवारांच्या हॉलमध्ये त्याचा अजिबात आवाज झाला नाही. ज्वाळा निघाल्या, पत्रे उडाले, एक खुर्ची तिच्यात बसलेल्या माणसासकट गोल गोल फिरत पडद्याबाहेर गेली. पण धडाम नाही. वझलवारांचं तोंड मात्र वेळेवर उघडलं होतं. गेली दोन वर्षं, म्हणजे 'शनि के सिपाही' सुरू झाल्यापासून, ते दर मंगळवारी याच सुमारास उघडायचं आणि त्यातून एकच वाक्य पडायचं : ''अगं, पोकळीत आवाज जातच नाही.'' आज वाक्य ओठापर्यंत येऊन थांबलं. अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि तिथं सपाट जमीन निघावी, तसा त्यांच्या जबड्याला हिसका बसला. त्यांना पंख्याची कुरकुर ऐकू आली, शेजारच्या सोफ्यावर मटार सोलणाऱ्या कुसुमताईंच्या ताटात एक दाणा पडल्याचा टिक्‌ ऐकू आला, रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी गेली तीही ऐकू आली. म्हणजे जग जागच्या जागी होतं. फक्त शनीपाशी शांतता होती, आणि ती जशी असायला हवी होती तशीच होती. मग दृश्य बदललं, कप्तानबाई आपल्या यानाच्या केबिनमध्ये ''पहले सुमेर, अब ये भी'' असं म्हणाल्या, आणि ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. बरोबरच होतं. केबिनमध्ये हवा असते.

''पोचलं,'' वझलवार म्हणाले.

''काय पोचलं?'' कुसुमताईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

''पत्र.''

पत्रं एकूण अकरा होती. रजिस्टर्ड, पोचपावतीसह. पहिलं धडामबद्दल, दुसरंही धडामबद्दल, कारण पहिल्याचं उत्तर आलं नव्हतं. तिसरं कप्तानबाईंच्या वेणीबद्दल : जिथं पेन हवेत तरंगतंय, पाण्याचा थेंब लाडवासारखा गोल होऊन फिरतोय, तिथं बाईंची वेणी पाठीवर ओळंब्यासारखी सरळ लोंबते ती कशाच्या आधारानं? (''तिच्या आईनं घट्ट घालून दिली असेल,'' असं त्या वेळी कुसुमताई म्हणाल्या होत्या.) चौथं यान वळताना सिटी बससारखं एका अंगावर कलतं त्याबद्दल. पाचव्यात आकृत्या होत्या. सहाव्यात त्यांनी भाषा थोडी सौम्य केली, सातव्यात परत कडक. कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी तपासणी खात्यात काढली होती, आणि जो माल मापात बसत नाही त्याला सुतळीनं लाल चिठ्ठी बांधायची, ही त्यांच्या हाताची सवय होती. त्या हाताच्या गोष्टी गोविंदपुऱ्यातल्या छोट्या वर्कशॉपांमधून अजून सांगितल्या जातात. एकदा म्हणे वझलवार साहेब येणार म्हटल्यावर एका ठेकेदाराचा शाफ्ट भीतीनंच दोन सूत वाकला. स्वतःच्या लग्नात त्यांनी अंतरपाटाच्या मागून मांडवाचा खांब कललेला पाहिला आणि तो सरळ होईपर्यंत भटजींना तिसऱ्या मंगलाष्टकावर अडवून धरलं. मुहूर्त चार मिनिटं टळला, तो संसारात कुठं नडला हे मात्र त्यांना आजवर सापडलेलं नव्हतं. असा माणूस. आणि त्याच्या अकरा चिठ्ठ्यांना मुंबईहून एका ओळीचं उत्तर नाही.

उत्तर न येणं हे वझलवारांच्या घराण्यातच होतं. वडील छप्पन साली नागपूरहून सचिवालयाबरोबर भोपाळला आले, टेबल-खुर्ची-कपाटासकट आले असं म्हटलं तरी चालेल, आणि उरलेला जन्म अर्ज लिहीत राहिले. क्वार्टरचा अर्ज, बदलीचा अर्ज, सेवाज्येष्ठतेचा अर्ज. लहानगा मनोहर चटईवर गणितं करायचा आणि शेजारी वडिलांचा टाक कागदावर खरखरत असायचा. दर ओळीच्या शेवटी टाक थांबायचा आणि वडील मान वर करून दाराकडं बघायचे, जणू मागच्या अर्जाचं उत्तर आत्ता येऊन दारात उभं राहील. ते बघणं मनोहरच्या मानेत उतरलं होतं. धडामविना फुटलेल्या यानासमोर बसल्या बसल्या त्यांची मान तशीच वर झाली, दाराकडं वळली. दारात कोणी नव्हतं. पण आज त्याची गरजही नव्हती. उत्तर पडद्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाउनशिपच्या मैदानात तिसरी फेरी मारताना त्यांनी ही बातमी मधुकर ठोंबऱ्यांना सांगितली. ठोंबरे हे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त आणि मराठी मंडळाचे चिटणीस. मंगळवारी ते दाढ काढून घेत होते, त्यामुळं भाग त्यांनी पाहिला नव्हता.

''काय सांगतो बे,'' ठोंबरे थांबलेच. ''तुझ्या पत्रानं? आख्खा चॅनेल सुधारला?''

''आख्खा नाही. ध्वनीपुरता.''

''तरी पण यार, अपने भोपाल का आदमी. मराठी माणूस.'' ठोंबऱ्यांना बोलताना कुठली भाषा चालू आहे याचं भान कधीच नसायचं. ''येत्या रविवारच्या पुढचा रविवार. आपला तो कीर्तनकार टांग देऊन गेला, हॉल बुक आहे. तुझा सत्कार. शाल, नारळ आणि वीस मिनिटं भाषण.''

वीस मिनिटं. वझलवारांच्या आयुष्यात त्यांचं बोलणं कोणी सलग वीस मिनिटं ऐकलं नव्हतं. कारखान्यात लोक चिठ्ठी वाचत आणि त्यांची नजर चुकवत. घरी मुलगा चिन्मय होता तोवर ऐकायचा, नाइलाजानं, मग तो बंगलोरला गेला. ''नको रे, कशाला,'' ते म्हणाले आणि चौथ्या फेरीत मनातल्या मनात सुरुवातीची तीन वाक्यं पाठ झाली सुद्धा.

आणि इथंच त्यांच्याकडून ती गोष्ट घडली, जी त्यांनी स्वतःच्या हाताखालच्या माणसाला कधीच माफ केली नसती. एका मापावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरं घ्यायचं, शक्यतो दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या उपकरणानं; हे त्यांनी छत्तीस वर्षं लोकांच्या डोक्यात ठोकलं. मंगळवारचा भाग शनिवारी दुपारी बारा वाजता पुन्हा लागतो, हे त्यांना पाठ होतं. आणि शनिवारी पावणेबारा वाजता ते उठले, डब्यातला गहू पिशवीत भरला आणि चक्कीवर गेले. चक्कीवर रांग नव्हती तरी त्यांनी दोन बायकांना पुढं जाऊ दिलं. पट्ट्याची फटफट, कोमट पिठाचा वास, भुवयांवर बसणारा पांढरा थर. त्यांना फार बरं वाटत होतं आणि बरं वाटण्याच्या तळाशी काहीतरी खडा होता, दळणात राहून गेलेल्या खड्यासारखा, जो दाताखाली येईपर्यंत नाही असं मानता येतं. साडेबारा वाजून गेल्यावर ते घरी आले. ''पीठ जाड आलंय,'' कुसुमताई म्हणाल्या. ''असू दे,'' वझलवार म्हणाले. कुसुमताईंनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. हा माणूस कशालाही 'असू दे' म्हणाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

खडा रविवारी दाताखाली आला. ''यार वझलवार,'' ठोंबरे फेरी मारता मारता म्हणाले, ''काल दुपारी मी तो तुझा भाग पाहिला. धडाम तर झालं.''

''कुठलं धडाम?''

''अरे यानाचं. असं दणकून झालं की कपाटातल्या बशा हलल्या.''

''तुझा टीव्ही बिघडलाय.''

''बिघडलेला टीव्ही आवाज घालतो? आपल्या मनानं?''

यंत्र बिघडलं तर असलेलं जातं, नसलेलं येत नाही. ठोंबरे आयुष्यभर कारखान्याच्या कँटीनचं स्टोअर सांभाळत होते, पण तर्क बिनचूक होता. घरी येताना वझलवारांना आपल्या कानांची शंका आली. तपासणी खात्याच्या चाचणी विभागात किती वर्षं काढली. मोठमोठे रोटर बंद बोगद्यात घालून, आतली हवा पंपानं ओढून काढून, पूर्ण वेगाच्याही वर फिरवायचे. बाहेर काचेमागं उभं राहायचं आणि आत एवढं धूड फिरतंय आणि ऐकू काहीच येत नाही. नवे पोरगे घाबरायचे, बंद पडलं की काय म्हणायचे. मग वझलवार लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक बाहेरच्या लोखंडी चौथऱ्याला टेकवायचे, दांडा कानामागच्या हाडाला लावायचे, आणि तो सगळा प्रचंड घरघराट हाडातून डोक्यात यायचा. हवा गेली म्हणून काय झालं, लोखंड सांगतं. कुसुमला हे त्यांनी लग्नाच्या नव्या नवलाईत सांगितलं होतं, शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी भुट्टा खाताना. ती भुट्टा खात राहिली होती. ऐकलं की नाही, कळलं नव्हतं. आज शेहेचाळीस वर्षांनी त्यांना भीती वाटली की आता आपण ठोंबऱ्यांचंच काय, कोणाचंच नीट ऐकू शकणार नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याचा सत्कार ऐकू न आलेल्या गोष्टीबद्दल होणार आहे.

सोमवारी ते कान तपासून आले. कोणाला न सांगता. काचेच्या खोलीत कानांवर डबे लावून बसवलं. ''अंकल, आवाज आला की बटन दाबा,'' तिथली मुलगी म्हणाली, आणि वझलवारांनी इतक्या इमानेइतबारे दाबलं की मध्येच तिनं दार उघडून सांगितलं, ''अंकल, अभी तो मशीन बंद है.'' पण निकाल चांगला आला. वयाच्या मानानं उत्तम. टीव्ही ठीक, कान ठीक, आणि ठोंबऱ्यांच्या बशा हलल्या. मग आपल्या घरात शनी शांत कसा?

मंगळवारी त्यांनी पंख्याचा वारा लागतो असं सांगून आपली खुर्ची दोन हात मागं घेतली. आठ वाजले. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच 'शनि के सिपाही' चालू असताना त्यांनी पडदा सोडून कुसुमकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर निळा, मग तांबडा, मग पुन्हा निळा उजेड पडत होता. कप्तानबाई संकटात सापडल्या की तिच्या खालच्या ओठाची कड आत जात होती. हे ती केव्हापासून करते? उजवा हात शेंगा सोलत होता. डावा ताटाखाली होता. ताट मांडीवर स्थिर होतं, त्याला धरायची गरज नव्हती. पडद्यावर कॅमेरा यानाबाहेर गेला, दोन उल्का एकमेकींवर आदळल्या, ताटाची कड केसभर हलली. शांतता. कॅमेरा आत आला, ताट हललं. आवाज. बाहेर, ताट, शांतता. चिन्मयनं दिवाळीला तो लांबट स्पीकर पाठवला होता टीव्हीखाली ठेवायला, त्याचा बिस्किटाएवढा वेगळा रिमोट होता. त्या रिमोटनं आवाज बंद केला तर पडद्यावर काही खूण उमटत नसे. वझलवारांच्या डोक्यात हे सगळं एका ओळीत, एकामागून एक, खटाखट बसलं, आणि बसलं तसं त्यांच्या आतलं भाषण, त्याची पाठ झालेली तीन वाक्यं, शाल, नारळ, मुंबईत आपलं पत्र हातात धरून उभा असलेला तो कोणीतरी समजूतदार माणूस, सगळं त्या खुर्चीसारखं गोल गोल फिरत बाहेर गेलं. पत्र पोचलं नव्हतं. वडिलांचे अर्जही पोचले नव्हते.

ते ओरडणार होते. ओरडण्याआधी पडद्यावर मंगळ आला. लाल मैदानात एक टाकी फुटली, आणि ताटाखालचा अंगठा एकदा दाबून थांबला नाही. तो टिक टिक टिक असा चार-पाच वेळा चालला, आणि स्फोटाचा आवाज लांबून, बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखा आला. वझलवारांनी ओरडणं गिळलं. मंगळावर हवा आहे. विरळ, इथल्या शंभराव्या हिश्श्याएवढी, पण आहे. हे त्यांनी सातव्या पत्रात लिहिलं होतं आणि लिहिण्याआधी जेवताना एकदा बडबडले होते, वरणात लिंबू पिळता पिळता. मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. चौदा दृश्यं. चौदाच्या चौदा बरोबर. पंधराव्याला कप्तानबाई यानाच्या बाहेर लटकल्या, बाहेर म्हणजे निखळ पोकळीत, आणि यानाच्या पलीकडच्या टोकाला इंजिन उडालं. घुम्म. ताट हललंच नाही.

चुकली. वझलवारांची तर्जनी वर गेली. अंगातला सगळा तपासनीस उठून बसला, सुतळी शोधू लागला. ''अगं, पोक...'' एवढं झालं आणि त्यांना दिसलं की कप्तानबाईंचं शिरस्त्राण यानाच्या पत्र्याला टेकलेलं होतं. घट्ट. लोखंड आणि हाड. बोट हवेत राहिलं.

जाहिरात लागली.

''तिचं डोकं टेकलेलं होतं,'' कुसुमताई म्हणाल्या. ''स्क्रूड्रायव्हरसारखं.''

वझलवारांनी बोट खाली घेतलं. ''केव्हापासून?'' त्यांनी विचारलं.

''मागच्या मंगळवारपासून. त्याच्या आधीच्या मंगळवारी सुमेर मरताना काहीतरी सांगत होता. शेवटचं. नेमकं तेव्हाच तुमचं पोकळीत आवाज सुरू झालं. काय सांगितलं त्यानं मला अजून कळलेलं नाही.'' त्यांनी एक शेंग मोडली. ''धडाम झालं की तुम्ही बोलता. तुम्ही बोललात की मला ऐकू येत नाही. म्हणून धडामच काढून टाकलं. तुम्हीच म्हणता ना, दोष शेंड्याला धरू नये, मुळाशी जावं.''

''मग मी पत्र पोचलं म्हणालो तेव्हा सांगायचं.''

''इतके खूष होतात. म्हटलं राहू दे चार दिवस. मला काय माहीत तुम्ही गावजेवण घालाल.''

वझलवार उठले, फोन घेतला. ठोंबऱ्यांना म्हणाले, ''मधू, सत्कार रद्द. चॅनेल सुधारलेला नाही.'' तिकडून बराच वेळ नागपुरी आणि भोपाळी यांचा मिळून गोंगाट आला. त्यात पत्रिका छापल्या, समोसे सांगितले, आणि तू लहानपणापासून असाच आहेस, एवढं कळलं. कुसुमताईंनी हात पुढं करून फोन घेतला. ''भाऊजी, काही रद्द करू नका. भाषण मी करते. हो, मीच. विषय तोच. आणि बघा, समोसे आधी देऊ नका, लोक उठून जातात.''

''तू?'' वझलवार म्हणाले.

''साडीला फॉल लावून झालाय,'' त्या म्हणाल्या, आणि जाहिरात संपली.

रविवारी सकाळी अकराला मंडळाच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. वझलवार पहिल्या रांगेत बसले, ठोंबऱ्यांच्या शेजारी. कुसुमताईंनी कागद वगैरे घेतला नव्हता. त्यांनी आधी ताटाखालच्या रिमोटची गोष्ट सांगितली, सगळी, चक्कीवर जाण्यासकट. तेही त्यांना माहीत होतं. लोक हसले आणि वळून वळून पहिल्या रांगेकडं बघू लागले. मग त्या म्हणाल्या, ''आता समजा मी चंद्रावर कुकर लावला. शिट्टी होईल. पण मोजायची कशी? हवा नाही, ऐकू काही येणार नाही. वरण करपायचं.'' बायका हसल्या. ''पण ओट्याला कोपर टेकवून उभं राहिलं, तर हाडाला कळेल. एक, दोन, तीन, गॅस बंद. हे मला आमच्या ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं, कुकर नव्हता तेव्हा उदाहरणात, मोठं यंत्र होतं. यंत्र मला समजलं नाही, मी कुकर घालून समजून घेतलं.'' साठ-सत्तर माणसं गप्प बसून ऐकत होती. वझलवारांनी मागं वळून बघितलं. खरंच ऐकत होती. पोकळी, मंगळ, वेणी, सगळी अकरा पत्रं त्या एकेक करून साध्या शब्दांत उलगडत होत्या, त्यांत वझलवारांना आपली वाक्यं ओळखू येत होती. जेवताना सांडलेली, बाथरूममधून ओरडून सांगितलेली, रागानं अर्धी टाकलेली. कुठं कुठं पडलेली ही वाक्यं हिनं उचलून ठेवली होती, आणि ते मात्र इतकी वर्षं दाराकडं बघत बसले होते.

''हवेपेक्षा लोखंडातून आवाज जास्त वेगानं जातो,'' कुसुमताई म्हणाल्या. ''तिप्पट वेगानं.''

वझलवारांचे गुडघे आपोआप सरळ होऊ लागले. पंधरापट. तिप्पट कुठली, पंधरापट! निदान पंधरा. खुर्ची कुरकुरली. त्यांचं बूड आसनापासून चार बोटं वर होतं. शेजारून ठोंबऱ्यांनी त्यांच्याकडं बघितलं, शाळेत दंगा होण्याआधी बघायचे तसं, आणि अगदी हळू म्हणाले, ''नको बे.'' जिभेवर आकडा आला होता, त्याचं वजन जाणवत होतं. व्यासपीठावर कुसुम बोलत होती, तिच्या मागचा पंखा तिच्या कपाळावरची पांढरी बट उडवत होता, लोक तिच्याकडं बघत होते. वझलवार चार बोटं खाली आले. बसले. आकडा त्यांनी गिळला. तो घशातून, छातीतून, खडबडीत वाटेनं खाली गेला आणि पोटात कुठंतरी जाऊन बसला. टाळ्या झाल्या, तेव्हा त्यांनीही वाजवल्या. शाल कुसुमताईंच्या खांद्यावर पडली. समोसे चांगले होते, म्हणे. त्यांनी खाल्ले नाहीत.

परत येताना स्कूटर त्यांनी गोविंदपुऱ्यातून घातली. रविवार असल्यानं कारखान्यांची शटरं बंद होती, रस्ता मोकळा होता. कुसुमताई मागं बसल्या होत्या, मांडीवर नारळ.

''अहो,'' त्या मागून म्हणाल्या. ''लोखंडात पंधरापट ना?''

वझलवारांनी स्कूटर हळू केली. ''हो. जवळजवळ.''

''मी तिप्पट म्हणाले.''

''हं.''

''तुम्ही काही बोलला नाहीत.''

''नाही.''

मग त्यांच्या खांद्यावरचा हात निघाला, हेल्मेटच्या खालून मानेपाशी आला, आणि बोटांची उलटी बाजू तिथं टेकून राहिली.

''ताप तर नाहीये,'' कुसुमताई म्हणाल्या.